अमेरिकेतील एलएलसी : नफा कंपनीचा, कर मालकाचा

न्यू जर्सी, शिकागो नाहीतर ह्यूस्टनला असलेला भाचा फोनवर सांगतो, "मामू, एलएलसी उघडली." इकडे घरात सगळे खूश. पोरगा कंपनीचा मालक झाला! या कंपनीचा कर नक्की कोण भरतो, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. कधी कधी उघडणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. आता तर इथे भारतात बसून ऑनलाइन एलएलसी काढणारी मुलंही आपल्या ओळखीत आहेत, म्हणून हा विषय समजून घेऊ.

एलएलसी म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी. धंदा बुडाला तर धंद्यातला पैसा जातो, पण मालकाने स्वतः हमी दिलेली नसेल तर साधारणपणे त्याच्या राहत्या घराला हात लागत नाही. हे संरक्षण देतं राज्य सरकार. असा पहिला कायदा वायोमिंग राज्याने १९७७ साली केला, नंतर सगळ्या राज्यांनी केला. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, म्हणजे फेडरल, करकायद्यात मात्र 'एलएलसी' नावाचा वेगळा करदाता नाही. तिथलं आयकर खातं, म्हणजे आयआरएस, एलएलसीला दुसऱ्या कुठल्यातरी खान्यात बसवतं. १ जानेवारी १९९७ पासून कोणत्या खान्यात बसायचं हे बऱ्याच अंशी मालकालाच निवडता येतं.

काहीच निवडलं नाही तर काय? मालक एकटा असेल तर कंपनी आहे हेच आयआरएस विसरून जातं. सगळा नफा मालकाच्या वैयक्तिक विवरणपत्रात, 'शेड्यूल सी' नावाच्या पुरवणीत येतो. मालक दोन किंवा जास्त असतील तर ती भागीदारी धरली जाते. कंपनी फॉर्म १०६५ भरते, पण तो माहितीपुरता. त्यावर केंद्राचा आयकर भरायचा नसतो. प्रत्येक भागीदाराला 'के-१' नावाचा कागद मिळतो, त्यावर त्याच्या हिश्शाचा नफा लिहिलेला असतो आणि कर त्याने स्वतः भरायचा.

आपल्याकडच्या माणसाची गफलत होते ती इथेच. आपल्याकडे २००८ च्या कायद्याने आलेली एलएलपी आहे. नावं जुळी वाटतात, पण हिशेब उलटा. भारतात एलएलपी स्वतः ३० टक्के दराने, वर अधिभार आणि सेस धरून, कर भरते; भागीदाराच्या हातात आलेला नफ्याचा हिस्सा करमुक्त असतो. अमेरिकेत कंपनी कोरी आणि भागीदार करदाता. आणि कर लागतो तो हिश्शावर लागतो, हातात किती रक्कम आली ते पाहिलं जात नाही.

एक हिशेब मांडू (शिक्षकाची सवय, फळ्याशिवाय चैन पडत नाही). दोघा मेहुण्यांनी न्यू जर्सीत किराणा दुकान काढलं, दोघेही दुकानात राबतात. वर्षाचा नफा ८०,००० डॉलर, प्रत्येकी ४०,०००. घरखर्चाला प्रत्येकाने उचलले फक्त १०,०००. बाकी रक्कम दुकानाच्या कर्जाची मुद्दल फेडण्यात गेली. मुद्दल फेडणं हा खर्च धरला जात नाही, म्हणून कर लागणार ४०,००० वरच. शिवाय नोकरदाराच्या पगारातून जे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापलं जातं, त्यातला मालकाचा वाटाही इथे स्वतःच भरायचा. त्याला स्वयंरोजगार कर म्हणतात. दर १५.३ टक्के, आणि तो हिश्शाच्या ९२.३५ टक्के रकमेवर. म्हणजे प्रत्येकी सुमारे ५,६५० डॉलर. उचललेल्या दहा हजारांतले निम्म्याहून जास्त इथेच गेले, आयकर आणि राज्याचा कर अजून बाकीच आहे.

म्हणून भागीदारीच्या करारातच लिहून घ्यावं, की निदान कर भरण्यापुरती रक्कम दरवर्षी प्रत्येकाला काढता येईल. घरचा माणूस आहे, कागद कशाला, असं म्हणून हे राहून जातं आणि मग एप्रिलमध्ये बोलणं बंद होतं. कर वर्षाअखेरीस एकदम भरायचाही नसतो. साधारण १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीच्या १५ जानेवारीला अंदाजे हप्ते जातात. भागीदारीचा फॉर्म १०६५ त्याआधी, १५ मार्चला.

दुसरा रस्ता म्हणजे एलएलसीला कॉर्पोरेशन मानायला सांगणं. त्यासाठी फॉर्म ८८३२. मग कंपनी स्वतः २१ टक्के फेडरल कर भरते आणि उरलेला नफा लाभांश म्हणून वाटला की मालकाला पुन्हा कर. छोट्या दुकानाला हे क्वचितच परवडतं. तिसरा रस्ता 'एस कॉर्पोरेशन'चा, फॉर्म २५५३ भरून. यात मालक स्वतःला योग्य पगार देतो, पगारावर सोशल सिक्युरिटी वगैरे कापलं जातं, आणि उरलेल्या नफ्यावर आयकर लागला तरी स्वयंरोजगार कर लागत नाही. नफा बरा असेल तर बचत होते. पण पगार मुद्दाम नाममात्र दाखवला तर आयआरएस आक्षेप घेतं. आणखी एक अट: करासाठी अमेरिकेचा रहिवासी नसलेला परदेशी माणूस यात हिस्सेदार होऊ शकत नाही. रत्नागिरीतल्या अब्बाजानचं नाव प्रेमापोटी हिस्सेदारांत घातलं, तर हा दर्जाच जातो.

आता राज्यांचं. इथे एकवाक्यता नाही. न्यू जर्सीत वार्षिक अहवालाचे ७५ डॉलर. भागीदार दोनाहून जास्त झाले की भागीदारी विवरणपत्रासोबत साधारणपणे प्रत्येकी १५० डॉलर. डेलावेअर वर्षाला सरसकट ३०० डॉलर घेतं. इलिनॉयमध्ये भागीदारी धरलेल्या एलएलसीला नफ्यावर दीड टक्का वेगळा कर आहे. टेक्सासमध्ये वैयक्तिक आयकर नाही, पण फ्रँचाइझ कर आहे; तो मोठ्या उलाढालीवर लागतो, छोटी दुकानं त्यातून सुटतात.

सगळ्यात कडक कॅलिफोर्निया. नफा असो वा तोटा, वर्षाला ८०० डॉलर किमान कर. वर उलाढालीवर शुल्क, तेही नफा न बघता. राज्यातली उलाढाल अडीच लाख डॉलरला पोचली की ९००, पाच लाखांपासून २,५००, दहा लाखांपासून ६,०००, पन्नास लाखांपासून ११,७९०. म्हणजे सहा लाख डॉलरची विक्री करून तोट्यात गेलेल्या दुकानालाही ३,३०० डॉलर द्यावे लागतात. यातून वाचायला कोणी सुचवतं, "डेलावेअर किंवा वायोमिंगमध्ये नोंदव." दुकान कॅलिफोर्नियात असेल तर तिथेही नोंदणी करावीच लागते आणि कर लागतोच. फायदा शून्य, दोन राज्यांची फी मात्र गळ्यात.

शेवटी इथून एलएलसी काढणाऱ्यांबद्दल. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने वेबसाइट बनवण्याच्या कामासाठी वायोमिंगची एलएलसी काढली. नोंदणी करून देणाऱ्या एजंटने "टॅक्स झिरो" एवढंच सांगितलं होतं. काम भारतात बसूनच होतं, अमेरिकेत ना ऑफिस ना माणूस, त्यामुळे तिथला आयकर त्याला खरंच लागत नव्हता. पण एकटा परदेशी मालक असलेल्या एलएलसीला २०१७ पासून फॉर्म ५४७२ भरावा लागतो, सोबत ११२० चा नावापुरता फॉर्म. कंपनीच्या खात्यात मालकाने स्वतःचे पैसे टाकले, तरी ते या फॉर्ममध्ये दाखवायचे. न भरल्यास दंड २५,००० डॉलर. त्याची वर्षाची कमाईही तेवढी नव्हती.

इकडची बाजूही असते. भारतात राहणाऱ्याची जगभरातली मिळकत भारतात करपात्र आहे, आणि परदेशी कंपनीतला हिस्सा व खातं आयकर विवरणपत्राच्या 'शेड्यूल एफए'मध्ये दाखवावं लागतं. तिथे भांडवल पाठवायचं तर ते फेमाच्या नियमांनी, बँकेमार्फत. हे न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

त्या मुलाने शेवटी सीए गाठला, राहिलेले फॉर्म भरले आणि कंपनी बंद करायची ठरवली. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. कंपनी बंद करताना उरलेले पैसे मालकाने काढून घेतले, तर तोही ५४७२ मध्ये दाखवायचा व्यवहार असतो, म्हणून बंद केल्याच्या वर्षाचाही फॉर्म भरावा लागतो.