सिलिकोन टेप, एकजीव होणारी

ताणून गुंडाळल्यावर गोंदाविना स्वतःच्याच थरांशी एकजीव होणारी सिलिकोन रबराची पट्टी.

उगम : 1940 च्या दशकात अमेरिकेत सिलिकोनांचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले (→ सिलिकोन). पुढे ही टेप विमाने व लष्करी सामग्रीतील तारांच्या निरोधनासाठी वापरात आली (→ विद्युत् निरोधक).

वैशिष्ट्ये : रुंदी सामान्यतः 25 मिमी., जाडी सुमारे 0.5 मिमी. असते. थर एकमेकांना टेकताच त्यांत रासायनिक बंध जुळतात. काही वेळाने ते सुटे करता येत नाहीत, टेप कापूनच काढावी लागते. धातू वा प्लास्टिकला ती चिकटत नाही. सुमारे −50° ते 200° से. तापमानात ती लवचीक राहते व उन्हाने सहसा तडकत नाही. धारदार कडेने मात्र ती फाटते, पेट्रोलने फुगते.

वापर : गळका पाइप दुरुस्त करताना पाणी बंद करून पाइप पुसतात. टेपेवरील संरक्षक पट्टी काढून टेप मूळ लांबीच्या दुप्पट-तिप्पट ताणतात आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकील असे वेढे चिरेच्या दोन्ही बाजूंस काही सेंमी. पलीकडे नेतात. शेवटचा वेढा न ताणता दाबतात. पाइपाच्या आट्यांच्या जोडासाठी मात्र टेफ्लॉन टेप (→ नळकाम) वापरतात.

महत्त्व : नागपुरात उन्हाळ्यात पारा 45° से. वर जातो. महाल या भोसलेकालीन वस्तीत (→ नागपूर) गच्चीवरील उघडे पाइप, कूलरच्या नळ्या व बाहेरील केबलजोड यांना अशी उष्णतासह दुरुस्ती उपयोगी पडते. दाबाच्या पाइपावर ती तात्पुरती असते. तडा गेलेला भाग बदलणे हाच कायमचा उपाय होय.