एका पाहणीची न संपणारी दुरुस्ती

एखाद्या कुटुंबाला एकदा भेटून उत्पन्न, घर आणि नोकरी यांची माहिती विचारणे तुलनेने सोपे असते. त्याच कुटुंबाला, पुढे त्याच्या मुलांना आणि नातवंडांना पन्नासहून अधिक वर्षे विचारत राहणे आणि आधीच्या उत्तरांशी नव्या उत्तरांचा मेळ घालणे हे मात्र अतिशय जिकिरीचे काम आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९६८ पासून हे काम सुरू आहे. 'पॅनेल स्टडी ऑफ इन्कम डायनॅमिक्स' या नावाची ही पाहणी कुटुंबांचा सर्वाधिक काळ चाललेला राष्ट्रव्यापी अभ्यास म्हणून ओळखली जाते. २०२३ पर्यंत तिच्या ४३ फेऱ्या झाल्या. या पाहणीतील निष्कर्षांवर बरेच लिहिले गेले आहे. पण त्या निष्कर्षांखाली चालणारे नोंदी तपासण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि अद्ययावत ठेवण्याचे काम फारसे कोणाच्या नजरेस येत नाही. पाहणीची विश्वासार्हता मात्र त्यावरच उभी आहे.

गरिबीच्या प्रश्नातून जन्म

अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६४ मध्ये 'गरिबीविरुद्ध युद्ध' पुकारले. त्यासाठी उभारलेल्या योजनांचा लोकांच्या जीवनावर काय परिणाम होतो, हे सरकारला जाणून घ्यायचे होते. जनगणना विभागाने गरीब कुटुंबांची एक पाहणी केलेली होती. त्यातील सुमारे दोन हजार अल्प उत्पन्न कुटुंबे आणि मिशिगन विद्यापीठाच्या सर्व्हे रिसर्च सेंटरने देशभरातून निवडलेली सुमारे तीन हजार कुटुंबे एकत्र करून नवी पाहणी सुरू झाली. १९६८ मध्ये ४,८०२ कुटुंबांच्या मुलाखती घेण्यात आल्या. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मॉर्गन यांच्याकडे तिचे नेतृत्व होते. पहिली तीस वर्षे ही पाहणी दरवर्षी झाली. १९९७ नंतर ती दर दोन वर्षांनी होऊ लागली.

गरिबीचे प्रमाण वर्षानुवर्षे साधारण तेवढेच दिसत असल्यामुळे तीच माणसे कायम गरीब राहतात, असा समज त्या काळी रूढ होता. अर्थशास्त्रज्ञ ग्रेग डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाने हा समज खोटा ठरवला. १९६९ ते १९७८ या दहा वर्षांत सुमारे एक चतुर्थांश अमेरिकी नागरिकांनी किमान एक वर्ष गरिबीत काढले होते. पण त्यांपैकी आठ किंवा त्याहून अधिक वर्षे गरीब राहिलेल्यांचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या तीन टक्क्यांहून कमी होते. दरवर्षी नवी माणसे निवडणाऱ्या पाहणीतून हे कधीच कळले नसते.

मात्र येथेच धोकाही आहे. एका वर्षी एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न चुकून कमी लिहिले गेले, तर कागदावर ते कुटुंब गरिबीत गेले आणि पुढच्या वर्षी बाहेर आले, असे दिसते. प्रत्यक्षात त्या घरात काहीच घडलेले नसते. एकदाच होणाऱ्या पाहणीत अशा चुका सरासरीत मिसळून जातात. वर्षांची वर्षांशी तुलना करणाऱ्या पाहणीत त्या 'बदल' म्हणून उभ्या राहतात.

माणसामागे एक क्रमांक

या पाहणीचा कणा म्हणजे प्रत्येक व्यक्तीला दिलेला क्रमांक. १९६८ मधील मूळ कुटुंबाचा क्रमांक आणि त्या कुटुंबातील व्यक्तीचा क्रमांक असे त्याचे दोन भाग आहेत. समजा, मूळ कुटुंबाचा क्रमांक १२३४ आहे आणि व्यक्तीचा क्रमांक ३. तर संशोधक पहिल्या आकड्याला हजाराने गुणून त्यात दुसरा मिळवतात आणि १२३४००३ अशी त्या व्यक्तीची कायमची ओळख तयार होते. ती व्यक्ती लग्न करून वेगळी झाली, गाव सोडून गेली किंवा घटस्फोट घेऊन परत आली, तरी हा क्रमांक बदलत नाही. तिला झालेल्या किंवा तिने दत्तक घेतलेल्या मुलांनाही त्याच मूळ कुटुंबाच्या क्रमांकाखाली स्वतंत्र क्रमांक मिळतो. त्यामुळे आजोबा, मुलगी आणि नातू तीन वेगळ्या शहरांत राहत असले, तरी त्यांच्या नोंदी एका धाग्यात राहतात.

प्रत्येक फेरीत आणखी एक क्रमांक दिला जातो. तो व्यक्तीची त्या वेळची स्थिती सांगतो. १ ते २० म्हणजे व्यक्ती घरात आहे; ५१ ते ५९ म्हणजे वसतिगृह, सैन्य, रुग्णालय किंवा तुरुंग अशा ठिकाणी आहे; ७१ ते ८० म्हणजे घर सोडून गेली; ८१ ते ८९ म्हणजे तिचा मृत्यू झाला. मुलाखतकाराने घरातील माणसांची यादी वाचताना केलेली एक छोटी चूक येथे मोठी ठरू शकते. सैन्यात गेलेला मुलगा 'घर सोडून गेला' असे लिहिले गेले, की कुटुंबाच्या आकारापासून उत्पन्नापर्यंत अनेक आकडे बदलतात.

काही विसंगती दिसायला चूक वाटतात. पण चूक नसतात. मुलाखती वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत होतात. त्यामुळे दोन सलग वर्षांच्या नोंदींत एखाद्याचे वय तेवढेच राहते, तर एखाद्याचे दोन वर्षांनी वाढते. हे आकडे 'सरळ' करण्याचा मोह आवरावा लागतो. काय दुरुस्त करायचे याइतकेच काय दुरुस्त करायचे नाही, हेही ठरवावे लागते.

घर बदलले, दूरध्वनी बदलला

माहिती अद्ययावत ठेवण्याचा पहिला टप्पा माणसे सापडण्याचा असतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात कुटुंबांशी पत्राने संपर्क साधून पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक कळवण्याची विनंती केली जाते. तो कळवणाऱ्यांना छोटी रक्कमही दिली जाते. अगदी सुरुवातीला मुलाखती प्रत्यक्ष घरी जाऊन होत. १९७३ पासून त्या मुख्यतः दूरध्वनीवर होऊ लागल्या आणि १९९३ मध्ये मुलाखतकारासमोर कागदाऐवजी संगणक आला.

इतके करूनही गळती होतेच. एका फेरीतून पुढच्या फेरीत बहुतेक कुटुंबे टिकतात; पण थोडी थोडी गळती साठत जाते. १९८९ पर्यंत मूळ नमुन्यातील सुमारे निम्मी माणसे पाहणीबाहेर गेली होती. उरलेली माणसे देशाचे प्रतिनिधित्व करतात का, याची तपासणी अर्थशास्त्रज्ञांनी केली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गळती मोठी असूनही नमुना बऱ्याच अंशी प्रातिनिधिक राहिल्याचे आढळले. सोडून गेलेल्यांची भरपाई म्हणून प्रत्येक नोंदीला दिलेले 'वजन' वेळोवेळी पुन्हा मोजावे लागते. १९६८ नंतर अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांना मूळ नमुन्यात जागाच नव्हती. ही उणीव दूर करण्यासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुन्हा २०१७ नंतर नवी स्थलांतरित कुटुंबे पाहणीत घेण्यात आली.

उत्तरांचीच परीक्षा

लोक सांगतात ते कितपत बरोबर असते, हे तपासण्यासाठी १९८० च्या दशकात एक वेगळा प्रयोग झाला. एका मोठ्या उत्पादक कंपनीच्या कामगारांना पाहणीतील प्रश्न विचारण्यात आले आणि त्यांची उत्तरे कंपनीच्या दप्तरातील नोंदींशी पडताळून पाहण्यात आली. वार्षिक कमाईची सरासरी बरीच जुळली. कामाचे तास आणि त्यावरून काढलेला तासाचा दर यांत मात्र मोठी तफावत निघाली. जास्त कमावणारे आपली कमाई काहीशी कमी सांगतात आणि कमी कमावणारे काहीशी जास्त, असाही कल दिसला.

ही तफावत केवळ हिशेबापुरती राहत नाही. वडिलांच्या उत्पन्नाचा मुलाच्या उत्पन्नाशी किती संबंध असतो, याचे अमेरिकेसाठीचे जुने अंदाज ०.२ च्या आसपास होते. म्हणजे वडिलांचे उत्पन्न सरासरीपेक्षा दहा टक्के जास्त असेल, तर मुलाचे सरासरीने दोन टक्केच जास्त. गरिबाचा मुलगा सहज वर येऊ शकतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. अर्थशास्त्रज्ञ गॅरी सोलन यांनी १९९२ मध्ये याच पाहणीच्या आधारे दाखवले, की एकाच वर्षाच्या उत्पन्नावर विसंबल्यामुळे हा आकडा खाली आला होता. अनेक वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी घेतल्यावर तो ०.४ किंवा त्याहून अधिक निघाला. संधीच्या समानतेचे चित्र नोंदींतील चढउतार आणि चुकांमुळे प्रत्यक्षापेक्षा दुपटीने उजळ दिसत होते.

जुने कागद पुन्हा उघडले

दुरुस्तीचे सर्वांत बोलके उदाहरण व्यवसायांच्या नोंदींचे आहे. सुरुवातीच्या वर्षांत उत्तरदात्याने सांगितलेला व्यवसाय अगदी ढोबळ गटांत नोंदवला जात असे. बारकाव्याने अभ्यास करू पाहणाऱ्यांना तेवढे पुरेसे नव्हते. सुदैवाने मूळ कागदी मुलाखती जपून ठेवलेल्या होत्या. त्या पुन्हा काढून १९६८ ते १९८० या काळातील व्यवसाय आणि उद्योग जनगणनेच्या तीन अंकी संकेतांकांत नव्याने नोंदवण्यात आले. १९९९ मध्ये या सुधारित नोंदी स्वतंत्र संच म्हणून खुल्या झाल्या.

या कामात एक महत्त्वाचा फरक होता. दरवर्षी संकेतांक देणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर फक्त त्या वर्षाचे उत्तर असे. एका वर्षी 'यंत्रावर काम' आणि दुसऱ्या वर्षी 'कारखान्यात फिटर' असे उत्तर आले, की एकाच नोकरीला दोन संकेतांक मिळत. नव्या पद्धतीत एका व्यक्तीचा संपूर्ण पूर्वेतिहास एकत्र पाहिला गेला. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही संच ताडून पाहिले, तेव्हा जुन्या नोंदींत व्यवसाय बदलल्याच्या दिसणाऱ्या घटनांपैकी पुष्कळशा कर्मचाऱ्यांच्या लेखणीतूनच निर्माण झाल्याचे स्पष्ट झाले. माणूस जागेवरच होता. त्याचा संकेतांक फिरत होता.

मुलाखतीच्या पद्धतीतील बदलही असाच फसवू शकतो. १९९३ मध्ये संगणक आला, त्याच सुमारास उत्पन्नाच्या आकड्यांची हाताने केली जाणारी बारकाईची छाननी कमी झाली. त्या वर्षांत उत्पन्नातील चढउतार वाढलेले दिसतात. त्यातील किती खरे आणि किती बदललेल्या पद्धतीमुळे, याचा विचार केल्याशिवाय संशोधकांना पुढे जाता येत नाही.

दुरुस्ती, पण खाडाखोड नाही

महाराष्ट्रात सातबारा उताऱ्यावरील नाव बदलते, तेव्हा जुने नाव पुसून टाकत नाहीत. त्याला कंस करून फेरफार क्रमांक लिहितात. मिशिगनच्या पाहणीतील शिस्त याच जातीची आहे. प्रत्येक संचाला आवृत्ती क्रमांक असतो आणि तो संचातच एक रकाना म्हणून दिलेला असतो. चूक आढळली की दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध होते. सर्व व्यक्तींचा एकत्रित संच तर प्रत्येक फेरीनंतर नव्याने तयार केला जातो. आपण कोणती आवृत्ती वापरली, याची नोंद ठेवणे संशोधकाचे कर्तव्य ठरते. अन्यथा दोन अभ्यासांचे आकडे का जुळत नाहीत, हे कधीच उलगडत नाही.

उत्तर न मिळाल्यास अंदाजाने भरलेल्या आकड्यांनाही वेगळी खूण केलेली असते. सांगितलेला आकडा कोणता आणि भरलेला कोणता, हे वाचणाऱ्याला कळते. मृत्यूच्या नोंदी राष्ट्रीय मृत्यू नोंदणीशी ताडून पाहिल्या जातात. पण तो तपशील गोपनीयतेचा करार करणाऱ्यांनाच मिळतो.

कधी शब्दच दुरुस्त करावे लागतात. पहिल्यापासून पती-पत्नीच्या घरात पतीलाच 'कुटुंबप्रमुख' म्हणून नोंदवण्याची प्रथा होती. २०१७ मध्ये त्याऐवजी 'संदर्भ व्यक्ती' आणि 'पत्नी' ऐवजी 'जोडीदार' हे शब्द आले. जुन्या फेऱ्यांतील माहिती मात्र जुन्याच व्याख्येने गोळा झालेली असल्यामुळे तुलना करताना ते ध्यानात ठेवावेच लागते.

भारतातील प्रयत्न

भारतात सर्वांना परिचित असलेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत १९९२-९३ पासून होत आली आहे. परंतु तिच्या प्रत्येक फेरीत वेगळी कुटुंबे निवडली जातात. त्याच कुटुंबांकडे पुन्हा जाण्याचा मोठा प्रयत्न 'इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे'ने केला. नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च आणि मेरिलँड विद्यापीठ यांनी २००४-०५ मध्ये ४१,५५४ कुटुंबांची माहिती घेतली आणि २०११-१२ मध्ये त्यांपैकी सुमारे ८३ टक्के कुटुंबांना पुन्हा गाठले. मुंबईच्याच संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी केली असून, त्याच व्यक्तींचा पुढे मागोवा घेणे हा तिचा हेतू आहे.

सून घरात येते, मुलगा नोकरीसाठी पुण्याला जातो, दोन भाऊ एकाच छताखाली राहून चूल वेगळी करतात, त्याच नावाचा नातू घरात वाढतो. रेशनकार्डावर नाव चढवताना आणि कमी करताना जी अडचण होते, तीच या पाहण्यांपुढे हजारो पटींनी उभी राहते. कल्याणकारी योजना कोणासाठी आणि किती काळासाठी हव्यात, याचा निर्णय अशाच नोंदींवर होत असतो. एखादे कुटुंब खरोखर गरिबीतून बाहेर पडले की केवळ कागदावर, हे सांगता यायचे असेल, तर मूळ कागद जपणे, चूक मान्य करणे आणि दुरुस्तीची नोंद ठेवणे याला पर्याय नाही.