मंडळी, वास्तू आणि थडगे : बुंदेलखंडातील क्वेकर परंपरेच्या निमित्ताने

झाशीचा प्रदेश मराठी अभ्यासकाला परिचित आहे तो नेवाळकरांच्या संस्थानामुळे आणि १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतामुळे. याच बुंदेलखंडात, झाशी जिल्ह्यातील टहरौलीच्या आग्नेयेस असलेल्या नौगांव-छतरपूर परिसरात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्वेकर पंथाची एक लहान मंडळी उभी राहिली. तिच्या निमित्ताने उपासनागृह, दफनभूमी आणि लिखित स्मृती यांच्या परस्परसंबंधाचा विचार येथे करावयाचा आहे.

अमेरिकेतील ओहायो वार्षिक सभेच्या डीलिया फिस्टलर आणि एस्थर बेअर्ड १८९२ साली भारतात आल्या आणि १८९६ साली नौगांव छावणीत स्थायिक झाल्या. १८९६-९७च्या दुष्काळाने बुंदेलखंड उद्ध्वस्त केला होता. अनाथ झालेल्या मुलांचा सांभाळ हेच या मिशनचे आरंभीचे मुख्य कार्य ठरले आणि पुढील मंडळीचा पायाही त्यातूनच घातला गेला. त्याच दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व तेथील मुलींना घेऊन महाराष्ट्रात परतल्या. केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार त्यातून झाला. म्हणजेच नौगांव आणि केडगाव येथील ख्रिस्ती वसाहतींना एकाच आपत्तीची पार्श्वभूमी आहे.

क्वेकरांच्या संदर्भात ‘चर्च’ हा शब्द जपून वापरावा लागतो. पंथसंस्थापक जॉर्ज फॉक्स (१६२४-१६९१) याने वास्तूला चर्च म्हणण्यास नकार दिला. त्याच्या मते चर्च म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय. इंग्रजीत त्याला हा भेद वाद घालून प्रस्थापित करावा लागला. मराठी ख्रिस्ती परिभाषेत मात्र तो सहज उपलब्ध आहे : समुदाय म्हणजे ‘मंडळी’ आणि वास्तू म्हणजे ‘देऊळ’ किंवा ‘चर्च’. हिंदी प्रदेशात या पंथाने ‘मित्र समाज’ हे नाव स्वीकारले. होशंगाबाद भागात ब्रिटिश क्वेकरांच्या कार्यातून १९०७ साली स्थापन झालेली वार्षिक सभा ‘मध्य भारत मित्र समाज’ या नावाने, तर बुंदेलखंडातील मंडळी ‘बुंदेलखंड मसीही मित्र समाज’ या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या नावातील ‘मसीही’ हे विशेषण अर्थपूर्ण आहे. ओहायोचे क्वेकर पुनरुज्जीवनवादी होते. धर्मोपदेशक, प्रवचन आणि गायन त्यांना मान्य होते. मूक उपासनेची जुनी क्वेकर रीत त्यांच्यापुरती मागे पडली होती.

दफनभूमीच्या बाबतीतही असाच भेद लक्षात घ्यावा लागतो. लंडन वार्षिक सभेने १७१७ साली थडग्यांवरील शिळा काढून टाकण्याचा आदेश दिला होता. मृत्यूनंतरही श्रीमंत-गरीब असा भेद उरू नये, हा त्यामागील विचार. १८५० साली शिळांना परवानगी मिळाली, परंतु त्या साध्या आणि एकसारख्या असाव्यात व त्यांवर नाव, वय आणि मृत्यूची तारीख एवढेच असावे, या अटीवर. बुंदेलखंडात ही कल्पना सर्वस्वी परकी होती. येथील राजस्मृती उंच असते : ओरछ्याला बेतवाकाठी बुंदेल्यांच्या छत्र्या आहेत, तर झाशीत लक्ष्मीतालाजवळ १८५३ साली निवर्तलेल्या गंगाधरराव नेवाळकरांची छत्री आहे. छावण्यांच्या कबरस्तानांतील इंग्रजी शिळाही पदवी, पलटण आणि विलाप यांनी भरलेल्या असतात.

मात्र लंडनचा नियम ओहायोच्या मिशनऱ्यांनी जसाच्या तसा येथे आणला, असे गृहीत धरणे योग्य ठरणार नाही. म्हणूनच या प्रदेशातील ग्रामीण ख्रिस्ती दफनभूमीत एखादी कोरी शिळा आढळली, तर तिचे एकाहून अधिक अर्थ संभवतात. ते समतेच्या तत्त्वाचे आचरण असेल. कोरून घेण्यापुरते पैसे नसतील. किंवा दुष्काळात आईबापांना मुकलेल्या माणसाचे कूळ आणि जन्मसाल सांगणारे कोणी उरलेच नसेल. दगड एकच, पण पहिल्या अर्थी त्यावरील मौन हा स्वीकार आहे आणि अखेरच्या अर्थी तो अभाव आहे.

हा फरक दगडावरून कळत नाही. तो कळतो दप्तरावरून. ई. अॅना निक्सन यांनी १९८५ साली या मिशनच्या शतकाचा इतिहास लिहिला, तर मार्जरी साइक्स यांनी १९८० साली भारतातील क्वेकरांचा इतिहास मांडला. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. मिशनऱ्यांची पत्रे, अहवाल आणि आठवणी टिकल्या, कारण त्या लिहिल्या गेल्या आणि त्या जपणारी संस्था मागे होती. ज्याचे जीवन अन्यत्र लिहिले गेले आहे, त्याला थडग्यावरील नावाचा त्याग परवडतो. ज्याची नोंद कुठेच नाही, त्याच्या बाबतीत तीच साधी शिळा विस्मृतीला कारण होते. समतेच्या हेतूने केलेला नियम विषम साक्षरतेच्या समाजात विषम परिणाम घडवतो, तो असा.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासात ख्रिस्ती मिशनांचा विचार बहुधा बायबलची भाषांतरे, व्याकरणे आणि आत्मचरित्रे यांच्या आधारे होतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे मराठी ख्रिस्ती अनुभवाला प्रथमपुरुषी वाणी लाभली. बुंदेलखंडी मंडळीचा इतिहास आपल्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः मिशनऱ्यांच्या इंग्रजीतून. तेथील दफनभूमी, मंडळीची नोंदवही आणि घराघरांतील मौखिक आठवण यांचे एकत्र वाचन झाले, तरच त्या इतिहासात अनाथालयातील मुलांना स्वतःचे नाव मिळेल. आठवण सांगणाऱ्या पिढ्या मावळत असताना हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.