शाळेचा कारभार कोणाचा?

मी शाळेत फार दिवस टिकलेला माणूस नव्हे. आठवीनंतर माझी शाळा म्हणजे बोईसर-तारापूरच्या कारखान्यांची फाटके, आणि माझी पुस्तके म्हणजे संघटनेच्या कचेरीतल्या कपाटात साठलेले जुने अहवाल. तेव्हा शिक्षणाच्या नेतृत्वावर मी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण ज्याला शाळेबाहेर राहावे लागले त्याला एक प्रश्न आतल्या माणसापेक्षा लवकर सुचतो. ही शाळा चालवतो कोण, आणि कोणाला विचारून?

प्रश्न नवा नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. सरकारचा वसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांसाठी, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, ही त्यांची मागणी सर्वांना ठाऊक असते. मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातले नेमा, असेही ते म्हणाले होते. ते मात्र आपण विसरतो. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली. शाळा आणि संघटना ही एका घरातली भावंडे आहेत, असे मी म्हणतो ते यामुळे.

पुढे १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे गेला. ऐकायला हे लोकशाहीचे वाटते. परंतु त्या काळी मत असे ते मालमत्तेच्या आधारावर. ज्याच्या घरी वेठीला राबायचे, त्याच्याच वर्गातली माणसे शाळेचा कारभार पाहणार असतील, तर वेठीच्या गड्याच्या पोराला शाळेत बोलावणार कोण?

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात १९४५ हे साल दोन वेळा लिहावे लागते. (तेव्हा हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता, पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.) त्या वर्षीच्या मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेचे काम इथे सुरू केले होते. वेठ बंद, लग्नगडी बंद, आणि रोज बारा आणे मजुरी, या मागण्या पुढे आल्या. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी राबणारा गडी. त्याची बायकोही त्याच्याबरोबर राबे, आणि बहुधा जन्म सरला तरी कर्ज सरत नसे. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच माणसे मेली. गोदावरीबाईंनी हा काळ पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

आणि त्याच साली, याच मुलखात, समुद्राकाठच्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. ताराबाईंचे नाव तोवर मोठे झालेले होते. गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ, नंतर दादरचे शिशुविहार, असे सगळे मागे टाकून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या खेड्यात आल्या. त्यांच्या हाताशी आल्या अनुताई वाघ. लहानपणीच विधवा झालेली आणि हट्टाने शिकलेली ही बाई १९९२ साली मरेपर्यंत या कामातून हलली नाही.

केंद्र उघडले, पण ज्यांच्यासाठी उघडले ती मुले येईनात. इथे बाकीचे लोक काय करतात हे आपल्याला ठाऊक आहे. पालक अडाणी, मुले ओढाळ, असा शेरा मारून अहवाल बंद करतात. या दोघींनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली. माँटेसरी पद्धतीचे महागडे साहित्य परवडण्यासारखे नव्हते, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने घेतली. १९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत गेले. तिथे मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मग त्या भावंडासह ये. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. तिचे नाव विकासवाडी. मुलगा येत नाही, कारण तो गुरांमागे असतो. मग गुरे चरतात तिथेच कुरणशाळा.

मी तीस वर्षे कारखान्यात गैरहजेरीच्या चौकशा पाहत आलो आहे. चौकशी होते ती नेहमी कामगाराची. पाळीच्या वेळेची चौकशी झालेली मी पाहिली नाही. ताराबाई-अनुताईंनी मुलाला दोषी न धरता शाळेच्या वेळेची, जागेची आणि साहित्याची चौकशी केली. शिक्षणातले नेतृत्व मी याला म्हणतो.

तरी एक गोष्ट बोललीच पाहिजे. मूल गुरांमागे का जाते, याचे उत्तर बापाच्या देण्यात होते, आणि कुरणशाळेने ते देणे फिटत नव्हते. त्या गाठीला हात घातला तो लाल बावट्याने. बारा आणे रोज आणि कुरणशाळा ही मला एकाच प्रश्नाची दोन अर्धी उत्तरे वाटतात. शिवाय कुरणात शाळा भरवायची हा निर्णय बाहेरून आलेल्या दोन थोर बायांनी घेतला. पाड्याने तो स्वीकारला. स्वीकारणे आणि ठरवणे यांत अंतर आहे. ते अंतर त्यांच्या हयातीत किती कमी झाले, याबद्दल मतभेद होऊ शकतो. माझ्या मते पुरेसे झाले नाही.

१९६२ साली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांच्या हाती आल्या. १९७५ साली केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेत 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेले. इथल्या अंगणातला शब्द दिल्लीच्या कागदावर चढला, याचा अभिमान आपल्याला जरूर असावा. पण त्या अंगणवाडीतल्या सेविकेला पगार नाही, मानधन आहे. मुलाची पहिली शिक्षिका ती, आणि सरकारदरबारी ती कर्मचारीही नाही. तिलाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. तरी २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविकांना संपावर जावेच लागले.

आता पाड्याने ठरवण्याची सोय कायद्यात तरी झाली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीनचतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणशीर जागा. शाळेचा विकास आराखडा करायचा त्यांनी, अनुदानाचा खर्च पाहायचा त्यांनी. १९२३ च्या मंडळाशी हे ताडून पाहा.

बोईसरच्या आसपासच्या एका शाळेत, नाव सांगत नाही, या समितीची सभा सकाळी अकराला भरे. सभासद आया त्या वेळी कारखान्यात नाहीतर बागेत. सभेला जावे तर खाडा पडे. मग एखादा मुलगा वही घेऊन पाड्यावर येई, आणि कोऱ्या पानावर सह्या आणि अंगठे घेऊन जाई. आम्ही काही जणांनी लेखी अर्ज केला, की सभा पहिली पाळी सुटल्यावर साडेचारला घ्यावी. दोन महिने उत्तर नाही. पुन्हा अर्ज केला. अखेर साडेचारला सभा झाली, आणि चौदा माणसे आली.

पॅकिंगला कंत्राटावर असलेली एक बाई उठून म्हणाली, "गुरुजी, पोषण आहाराचा तांदूळ किती आला नि किती शिजला, ते मोठ्याने वाचा." गुरुजींनी वही उघडली, आणि चष्मा घरी राहिल्याचे सांगितले. तेव्हा तिने आपल्या सातवीतल्या मुलीला पुढे बोलावले. पोरीने पहिल्या पानापासून वाचायला घेतले. सगळे वाचून व्हायला पाऊण तास लागला, आणि मधून कोणी उठून गेले नाही.