थीम फुकट, पण फूटर कोणाचा?

या आठवड्यात चार जणांनी मेसेज करून एकच प्रश्न विचारला: "दादा, छोटी अ‍ॅफिलिएट साइट काढतोय, थीम कोणती घेऊ?" माझी मावसबहीण आणि मी मिळून मिक्सर-कुकरच्या परीक्षणांची एक छोटी मराठी साइट चालवतो, त्यामुळे हा वाद आमच्या घरातही रंगलाय. ती आधी रंग बघते. मी आधी थीमचा फूटर उघडतो, म्हणजे पानाच्या तळाशी असते ती पट्टी. तो का, हे सांगायचं तर वीसेक वर्षं मागे जावं लागेल.

त्याआधी अ‍ॅफिलिएटचं गणित एका मिनिटात. तुमच्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की दुकान तुम्हाला कमिशन देतं. अ‍ॅमेझॉनने ही योजना १९९६ मध्ये सुरू केली. तुमची ओळख म्हणजे त्या लिंकमधला टॅग, काही अक्षरं. ती अक्षरं बदलली की पैसे दुसऱ्याच्या खात्यात. ग्राहकाला कळत नाही, बहुतेक वेळा तुम्हालाही नाही.

आता २००५. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २००३ सालची, पण तेव्हा आजच्यासारख्या थीम नव्हत्या. रूप बदलायचं तर मूळ फाइलमध्ये हात घालावा लागायचा. फेब्रुवारी २००५ मध्ये १.५ ही आवृत्ती आली आणि थीम म्हणजे एक वेगळं फोल्डर झालं. फोल्डर बदला, साइटचं रूप बदललं. सोबत आलेली डीफॉल्ट थीम होती क्यूब्रिक, मायकल हाइलमान यांनी बनवलेली. निळा मथळा, गोल कोपरे. ते गोल कोपरे चक्क चित्रं होती, त्यामुळे रंग बदलायचा तर चित्रंच नव्याने बनवावी लागत. तरीही २०१० पर्यंत तीच डीफॉल्ट राहिली. त्या काळातले जुने ब्लॉग उघडलेत तर अर्ध्या जगाने एकच शर्ट घातलाय असं वाटतं.

पण खरी गंमत दिसण्यात नव्हती, लिंकमध्ये होती. गूगल तेव्हा एका साइटवरून दुसरीकडे गेलेली लिंक म्हणजे एक मत, असं धरायचं. मतं जास्त, तर जागा वर. म्हणजे लिंकला बाजारभाव आला. आणि पहिला मोठा घोटाळा कुठे सापडला? थेट वर्डप्रेसच्या अधिकृत साइटवर. मार्च २००५ च्या शेवटी अँडी बायो यांनी दाखवून दिलं की तिथे जाहिरातीच्या कमाईसाठी लिहिलेले एक लाखाहून जास्त लेख ठेवलेत, आणि मुखपृष्ठावरून त्यांच्याकडे जाणाऱ्या लिंक सीएसएसने पडद्याबाहेर ढकलल्यात. माणसाला दिसत नाहीत, गूगलला दिसतात. गूगलने ती पानं काढून टाकली, मॅट मुलेनवेग यांनी लेख हटवले. ज्या सीएसएसने साइट सुंदर होते, त्याच सीएसएसने लिंक लपवता येते, हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळलं.

मग थीमवाले शिकले. समजा तुम्ही एक छान थीम बनवलीत आणि फुकट वाटलीत. हजार जणांनी लावली, तर हजार फूटर तुमच्या हातात. कॅसिनो, कर्ज, क्रेडिट कार्ड अशा धंद्यांनी त्या फूटरमधल्या लिंकसाठी पैसे मोजायला सुरुवात केली. त्याला नाव होतं प्रायोजित थीम. कोणी लिंक काढू नये म्हणून काही जण फूटरचा कोड बेस-६४ मध्ये गुंडाळून ठेवायचे. उघडून बघितलं तर अक्षरांची नुसती खिचडी, आणि ती पुसली तर थीमच बंद! २००७ मध्ये मुलेनवेग यांनी प्रायोजित थीम यादीतून काढायचं ठरवलं, तेव्हा भांडण झालंच. थीम बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं, आम्ही खायचं काय? मला त्यांचा राग येत नाही. फुकट दिलेल्या कामाचेही तास कोणीतरी भरलेलेच असतात. पण लिंक लपवून, वाचता न येणारा कोड दुसऱ्याच्या घरात ठेवणं मला पटत नाही.

पुढचं भांडण त्याच प्रश्नाचं, फक्त वकिली भाषेत. थीसिस नावाची विकत मिळणारी थीम होती, ख्रिस पिअरसन यांची. वर्डप्रेसचं लायसन्स जीपीएल: कोड बघा, बदला, वाटा. थीम वर्डप्रेसच्याच कोडवर चालते, मग तीही जीपीएल हवी, असं मुलेनवेग यांचं म्हणणं. पिअरसन नाही म्हणाले. जुलै २०१० मध्ये दोघांचा लाइव्ह वाद झाला, आणि साधारण आठवड्याभरात पिअरसन यांनी थीमचा पीएचपी भाग जीपीएलखाली आणला. सीएसएस आणि चित्रं स्वतःकडे ठेवली. तुमच्या-माझ्यासाठी याचा अर्थ काय? जीपीएल थीमच्या फूटरमधली दिसणारी क्रेडिट लिंक तुम्ही बिनधास्त काढू शकता. कोडमधली कॉपीराइटची ओळ तेवढी ठेवायची.

आता आपल्या पुण्यात या. अ‍ॅस्ट्रा ही थीम पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स कंपनीची. २०२० मध्ये ती दहा लाखांहून जास्त साइट्सवर चालू होती. वर्डप्रेसच्या स्वतःच्या डीफॉल्ट थीम सोडल्या तर हा आकडा गाठणारी ती पहिलीच. आपल्या गावातल्या माणसांनी बनवलेला कोड जगभर चालतोय याचा मला आजही अभिमान आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती अधिकृत यादीतून निलंबित झाली. कारण अ‍ॅफिलिएट! थीममधला कोड दुसऱ्या काही प्लगिन्सच्या सेटिंगमध्ये कंपनीचा रेफरल क्रमांक घालत होता, म्हणजे तुम्ही त्या प्लगिनची पैशांची आवृत्ती घेतलीत तर कमिशन कंपनीला. यादीच्या नियमात थीममध्ये असलं काही चालत नाही. कंपनीने कोड काढला, थीम लवकरच परत आली, फक्त काही आठवडे लोकप्रिय थीमच्या रांगेत दिसली नाही. ग्राहकाला जास्त पैसे पडत नव्हते, हे खरं. पण न विचारता दुसऱ्याच्या सेटिंगमध्ये हात घातला गेला, तेवढं पुरेसं आहे. कोड उघडा होता म्हणूनच तो कोणाला तरी सापडला, हेही ध्यानात घ्या.

जे उघड नसतं ते टेलिग्रामवर मिळतं. विकतच्या थीमची "नल्ड" म्हणजे चोरीची प्रत. डब्ल्यूपी-व्हीसीडी हा मालवेअर अशाच प्रतींमधून पसरला, आणि साइटमध्ये परक्या लिंक, परक्या जाहिराती घालत राहिला. दोन-चार हजार रुपये वाचवायला गेलात तर सगळ्या कमिशनवर पाणी.

तर आमच्या घरी काय होतं? झिप फाइल उघडायची, आत बेस-६४ आणि इव्हॅल हे शब्द शोधायचे, आणि बाहेरच्या पत्त्यांच्या लिंक मोजायच्या. इव्हॅल दिसला की मी ती थीम सोडतो. मग चाइल्ड थीम बनवायची: वेगळं फोल्डर, त्यातल्या स्टाइल फाइलमध्ये मूळ थीमच्या फोल्डरचं नाव, आणि आपले सगळे बदल तिथेच. मूळ थीम अपडेट झाली तरी आपलं काम पुसलं जात नाही. महिन्यातून एकदा बहीण दुसऱ्याच्या फोनवर साइट उघडते आणि चालू पानातल्या लिंकवर आपलाच टॅग आहे ना, हे डोळ्यांनी बघते.

आणि रंग? रंग तिने निवडला, गडद हिरवा. माझी अट एकच होती, फॉन्टची. परदेशी थीम मथळ्यांना अक्षरांमधलं अंतर वाढवून देतात. इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेघेचे तुकडे पडतात. ते अंतर शून्य केलं, ओळींमधली जागा थोडी वाढवली, आणि मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हा फुकट, उघड्या लायसन्सचा फॉन्ट लावला. आता "प्रेशर कुकर" एका सरळ रेघेला लटकलेला दिसतो.