घाट लागतो तो असा

पोलादपूरहून सुटलेली महाबळेश्वरची एसटी कापड्याच्या पुढे गेली की गाडीतल्या गप्पा विरळ होत जातात. कुणी लिंबू हुंगत असतं, कुणाच्या गालात आवळासुपारी असते, कुणी पदर तोंडाशी घेऊन समोरच्या बाकाच्या दांडीवर डोकं टेकलेलं असतं. खिडकीजवळच्या जागेचा भाव एकदम वाढतो. मग मागून कुणीतरी ओरडतं, ‘‘काच ओढा हो मागची!’’ कारण पुढच्या खिडकीतून जे बाहेर जातं, त्यातलं थोडं मागच्या खिडकीतून आत यायला बघतं. घाट उतरून आलेल्या गाडीच्या पत्र्यावरचे वाळलेले ओघळ पाहिले की कंडक्टरला काही विचारावं लागत नाही.

बंदरपट्टीतल्या माणसाला बोट लागते, देशावरच्या माणसाला गाडी लागते. या आंबेनळीच्या रस्त्यावर थेट घाट लागतो. पण हे लागणं घाटाइतकं जुनं नाही. डोंगर तोच आहे, चढायची उंचीही तीच. तरी पूर्वी इथून जाणाऱ्याची रड निराळी होती.

ती रड वाटेच्या नावातच आहे. महाबळेश्वरच्या पठारावरून पार गावाकडे उतरणारी जुनी वाट म्हणजे रडतोंडीचा घाट. चढणारा रडकुंडीला येतो म्हणून रडतोंडी, असं सांगतात. पारहून पुढे पारघाटाने खाली कोकणात उतरायचं, की आलं पोलादपूर आणि महाड. कोकणातलं मीठ आणि सुकी मासळी वर, वरचं धान्य आणि गूळ खाली, अशी ने-आण बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून चाले. शिवाजी महाराजांनी 1656 मध्ये जावळी घेतली आणि प्रतापगड बांधून घेतला, तो या वाटांवर नजर राहावी म्हणूनच. 1659 मध्ये वाईहून निघालेला अफजलखान आपला लवाजमा घेऊन रडतोंडीनेच पारला उतरला. त्या उताराने हत्तींचे आणि ओझ्याच्या जनावरांचे हाल झाले असणार. गुडघे मोडले असतील, दम लागला असेल, पाय घसरले असतील. पण पोट ढवळलं नसणार. स्वतःच्या पायांनी चालणाऱ्याला चक्कर येते ती उन्हाने किंवा उपाशीपोटी. वळणाने नाही.

पोटाचा प्रश्न सुरू झाला तो साहेब हवा खायला येऊ लागला तेव्हा, आणि तोही आधी समुद्रात. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1828 च्या सुमारास महाबळेश्वरला आरोग्यस्थान वसवायला घेतलं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा मिळवताना बदल्यात खंडाळा गाव दिलं गेलं, आणि बाजारपेठेला नाव पडलं माल्कमपेठ. मुंबईच्या आजारी साहेबाने वर पोचायचं कसं? एक वाट होती ती गलबताने बाणकोट, तिथून सावित्रीच्या खाडीने महाड, आणि पुढे पालखीत बसून पारघाट. म्हणजे मळमळीचा वाटा समुद्राने उचलायचा आणि घामाचा भोयांनी. साहेबाच्या प्रकृतीची चौकशी पुष्कळ झाली. भोयांची कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

चाकाचा रस्ता आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1867 ते 1872 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर सेमूर फिट्झजेराल्ड यांचं नाव त्याला मिळालं. कागदोपत्री फिट्झजेराल्ड घाट, लोकांच्या तोंडी आंबेनळी. या रस्त्याने रडतोंडीची रड संपवली आणि खरी गोम इथेच आहे. पायवाट डोंगराच्या अंगावरून सरळ चढते; बैलगाडीला तसला चढ झेपत नाही. चढ सौम्य करायचा तर तीच उंची लांब अंतरावर पसरायला हवी, आणि कड्याला लागून लांबी वाढवायची तर रस्ता पुन्हा पुन्हा उलटा फिरवायला हवा. इंजिनिअरने पायांचे कष्ट कमी केले ते वळणं वाढवून. बैलाच्या चालीला त्या वळणांचं काहीच वाटलं नाही. पुढे मोटार आली तेव्हा हिशेब बदलला, कारण वेग दुप्पट झाला की वळणावर बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो.

विलायतेतल्या डॉक्टरांनाही हा लागण्याचा विकार नीट कळू लागला तो साधारण हा रस्ता झाला त्याच काळात. जे. ए. आयर्विन यांनी 1881 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बोट लागण्यावर लेख लिहिला आणि हा दोष पोटाचा नसून हालचालीचा आहे, अशी मांडणी केली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत विल्यम जेम्स यांना दिसलं, की गरगर फिरवलं तरी कित्येक मूकबधिरांना चक्कर येतच नाही. सूत्र सापडलं ते कानाच्या आत, तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात. बाकावर मान खाली घालून बसलेल्याचे डोळे सांगतात, गाडी स्थिर आहे. कान सांगतो, आपण डावीकडे फेकले जातोय. या भांडणात पोट भरडलं जातं. ड्रायव्हरला घाट सहसा लागत नाही याचंही कारण हेच. वळण कधी येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं.

1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे ती घाटाघाटांत शिरली. तोवर मोटारीचा प्रवास ऐपतवाल्यांचा होता. आता घाट लागण्यात समता आली. फरक उरला तो वयाचा: दोन ते बारा वर्षांच्या पोरांना सगळ्यात जास्त, तान्ह्यांना जवळपास नाही. बुडाखाली वर्तमानपत्र ठेवलं की उलटी होत नाही असं सांगणारे जाणते प्रत्येक गाडीत भेटतात. त्या कागदाचा पुढे दुसराच उपयोग होतो हे खरं, पण तो उपाय नव्हे. आलेपाकाला मात्र हसू नये. आल्याने मळमळ कमी होते, याला वैद्यकातही थोडाफार आधार सापडतो.

या रस्त्यावर पोट ढवळणं ही सर्वांत लहान भीती आहे. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस इथेच दरीत कोसळली. त्यातला एकच जण वाचला. जुलै 2021 च्या पावसात महाड-पोलादपूर तालुक्यांत डोंगर खचले, तळिये गाव गाडलं गेलं, आणि आंबेनळीचा रस्ताही तुटून वाहतूक बंद पडली. सवयीच्या ड्रायव्हरचा हात पावसाळ्यात हॉर्नवरून हलत नाही, तो यामुळे.

हल्लीच्या खासगी गाड्यांत लिंबाची जागा मोबाईलने घेतली आहे. मागच्या सीटवर पोरं व्हिडिओ बघत असतात आणि वाडा-कुंभरोशी यायच्या आत बापाला गाडी बाजूला घ्यावी लागते. मग पर्समधून अव्होमिन निघते. ती गोळी पोटात जाऊन लागू पडायला अवधी लागतो, आणि एकदा ढवळायला लागलं की जठराचं काम मंदावलेलं असतं. गोळी बहुधा पाण्यासकट परत येते. ती महाडच्या स्टँडवर, चहा घेतानाच घ्यायची असते.