रिक (नामघटक)

'रिक' हा जर्मेनिक भाषांमधील व्यक्तिनामांत येणारा एक प्राचीन घटक आहे. त्याचा अर्थ 'राज्यकर्ता' किंवा 'सामर्थ्यवान' असा होतो. फ्रेडरिक, हेन्री, रिचर्ड या नावांत तो आढळतो. पोर्तुगीज आडनावांमार्फत तो महाराष्ट्रात व गोव्यातही आला. 'नागरिक', 'शारीरिक' अशा शब्दांतील 'इक' या संस्कृत प्रत्ययाशी त्याचा संबंध नाही.

व्युत्पत्ती

गॉथिक भाषेत 'रीक्स' म्हणजे अधिपती. जर्मेनिक भाषांनी हा शब्द केल्टिक भाषेतून घेतला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. कारण मूळ इंडो-युरोपीय दीर्घ 'ए'चा 'ई' होणे हे केल्टिकचे वैशिष्ट्य आहे. लॅटिन 'रेक्स' व संस्कृत 'राजन्' हे त्याच मूळ शब्दाचे वंशज होत. जर्मन 'राइख' (राज्य) आणि इंग्रजी 'रिच' (श्रीमंत) हे शब्दही याच कुळातील आहेत.

नामरचना

जर्मेनिक नावे बहुधा दोन पदांची असतात. फ्रेडरिक म्हणजे 'शांती' व 'राजा', हेन्री म्हणजे 'गृह' व 'राजा', तर रॉड्रिगो म्हणजे 'कीर्ती' व 'राजा'. मराठीतील धनराज, देवराज ही नावेही अशीच सामासिक आहेत.

महाराष्ट्रातील आढळ

इबेरियन द्वीपकल्पावर व्हिसिगॉथ या जर्मेनिक लोकांचे राज्य होते. त्यांच्यामुळे तेथे रॉड्रिगोसारखी नावे रूढ झाली; हेन्रिक हे नावही तेथे प्रचलित होते. त्यांना 'चा पुत्र' या अर्थाचा 'एस' प्रत्यय लागून 'रॉड्रिग्ज' व 'हेन्रिक्स' ही आडनावे बनली. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. तेव्हा ख्रिस्ती झालेल्या स्थानिक कुटुंबांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनावे मिळाली. अनेकदा ती धर्मगुरू किंवा धर्मपित्याची असत. त्यामुळे अशा आडनावावरून युरोपीय वंश सिद्ध होत नाही. वसईतील सामवेदी ख्रिस्ती समाजात रॉड्रिग्ज हे आडनाव आढळते, पण त्यांची घरची बोली मराठीचीच एक बोली आहे.

मराठीतील सगोत्र शब्द

'राव' हा शब्द 'राजन्' पासून, तर 'राऊत' हा 'राजपुत्र' पासून प्राकृतमार्गे आला. राऊत हे आडनाव भंडारा जिल्ह्यासह विदर्भात व कोकणातही प्रचलित आहे. म्हणजेच भंडाऱ्यातील राऊत आणि वसईतील रॉड्रिग्ज या आडनावांचा वंशाशी नव्हे, पण शब्दाच्या मुळाशी परस्परसंबंध आहे.